माडीवरचा सर्व्हर

आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून चालत पाच मिनिटांवर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या ओसरीत ते छातीएवढं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे किती पाणी होतं त्याचा अंदाज यावा. आम्ही आदल्या दिवशीच विश्रामबागेत मावशीकडं गेलो होतो. निघताना आप्पांनी कॉम्प्युटर उचलून माडीवर नेला, आईनं देव आणि धान्याचे डबे वर नेले. अल्बमची लोखंडी ट्रंक खालीच राहिली. त्या गडबडीत तिच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. रंगीत फोटोतला रंग जिलेटीनच्या पातळ थरात असतो. तो थर भिजला की मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला धरून बसतो. आम्ही फोटो आधी उन्हात वाळवले आणि मग सोडवायला बसलो. करायला हवं होतं नेमकं उलट. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक अलगद सुटा करायचा आणि मग सावलीत वाळवायचा. पूर येणाऱ्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं, म्हणून इथं मुद्दाम लिहिते. आई-आप्पांच्या लग्नाच्या अल्बममधले अकरा फोटो हाती लागले.

माडीवर गेलेला कॉम्प्युटर मात्र कोरडा राहिला. आप्पा २०१२ साली शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो जुळवून घेतला होता. दुसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. लॅपटॉप आल्यावर तो पुन्हा माडीवर गेला आणि त्यावर जुनी चादर पडली. २०२४ च्या दिवाळीची साफसफाई चालली होती, तेव्हा आई म्हणाली, "हा भंगारवाल्याला देऊन टाकू का गं? जागा अडलीय नुसती."

मी नको म्हटलं. त्याआधी काही महिने माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. घरातले फोटो आता चार फोनमध्ये विखुरलेले होते. आईच्या गूगल खात्यातली १५ जीबीची फुकट जागा भरली होती आणि जागा करायला ती रोज थोडे फोटो पुसत होती. कुठले पुसले, विचारलं तर म्हणाली, "जुनेच गं." ट्रंकेचं दुःख झालेल्या घरात हे मला बघवेना. सगळं एका ठिकाणी, आपल्या घरात, आपल्या ताब्यात असावं आणि त्याची आणखी एक प्रत पाणी पोचणार नाही अशा गावात असावी, एवढं मनाशी ठरवलं. त्यासाठी याच कॉम्प्युटरचा सर्व्हर करायचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फायली सांभाळणारं आणि मागेल त्याला देणारं मशीन. मी बँकेत हिशेबाचं काम करते. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी घालता येणारी फुकट सिस्टीम, एवढं ऐकून माहीत होतं, हात कधी लावला नव्हता.

कॅबिनेट उघडलं तर आत धुळीचा जाड थर. रंगाच्या कोरड्या ब्रशनं धूळ झटकली. पंखे बोटानं धरून ठेवले, म्हणजे ते उलटसुलट फिरत नाहीत. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे गोल डबे, टॉर्च लावून एकेक बघितले. त्यांची डोकी फुगलेली असतील तर पुढं जाण्यात अर्थ नसतो. आमचे सपाट होते. बटण दाबलं, तर पंखा फिरला आणि लांब बीपांची रांग सुरू झाली. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, पुसून परत बसवली, बीप थांबले. घड्याळ मागं गेलं होतं, म्हणून बोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल बदलला. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, तीही खरवडून नवी लावली.

इथं मला एक आग्रहानं सांगायचं आहे. जुना कॉम्प्युटर कामाला लावताना पहिला खर्च एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायवर करा. रॅम कमी असेल तर काम हळू चालतं. बारा वर्षांचा पॉवर सप्लाय रात्री-अपरात्री गेला तर जाताना डिस्कही घेऊन जाऊ शकतो. मी नवा चांगल्या प्रतीचा ४५० वॉटचा घेतला, अडीच हजारांच्या आसपास. रॅमची आणखी एक ४ जीबीची पट्टी शंभर फुटी रोडवरच्या दुकानातून जुन्यातली आणली आणि रात्रभर मेमटेस्ट लावून तपासली.

आता जुन्या डिस्ककडं. तिच्यावर काय होतं ते आप्पांनाही नीट आठवत नव्हतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती टिपणं, पाहिल्या. त्यातल्या १९७ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे डिस्कला वाचता न येणाऱ्या आणि अजून निकाल न लागलेल्या सेक्टरांपुढं (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा), १६ हा आकडा होता. अशा डिस्कवर फोल्डर उघडून फायली ओढत बसायचं नसतं. दर वेळी ती त्याच दुखऱ्या जागी अडते आणि आणखी बिघडते. डीडी-रेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम या कामासाठीच आहे. आधी तो नीट वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलीत लिहून ठेवतो आणि शेवटी त्या जागांवर परत परत प्रयत्न करतो. मध्येच वीज गेली तरी नकाशा असल्यामुळं पुढून सुरू करता येतं. रात्री नऊला लावला. पहाटे उठून बघितलं तर ५०० जीबीपैकी १६ सेक्टर वगळता, म्हणजे जेमतेम काही केबी वगळता, सगळं नव्या डिस्कवर आलं होतं. आप्पा चहा घेऊन माडीवर आले आणि म्हणाले, "निघालं का काही?"

"सगळंच निघालं, आप्पा. तुम्ही बसा, दाखवते."

निघालं होतं ते असं : हँडीकॅमच्या छोट्या टेपांवरून उतरवलेलं भाच्याच्या बारशाचं चित्रण, एका तासाला १३ जीबी या हिशेबानं. पुराआधी दादानं हौसेनं स्कॅन करून ठेवलेले दोनशेच्या वर फोटो, ज्यात लग्नाच्या अल्बमचे चौतीस होते. हे स्कॅन केले होते हे दादाही विसरून गेला होता. आणि 'नाटुकली' नावाचा फोल्डर, आप्पांनी शाळेच्या स्नेहसंमेलनांसाठी वीस वर्षांत लिहिलेल्या एकांकिका. त्या फायली उघडल्या, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. त्याकडं नंतर येते.

जुनी डिस्क काढून ठेवली. तिच्या जागी सिस्टीमसाठी २४० जीबीची एसएसडी आणि साठवणीसाठी ४ टीबीची नवी हार्ड डिस्क बसवली. डेबियन १२ नावाचं लिनक्स घातलं, डेस्कटॉपशिवाय. स्क्रीनवर फक्त काळा पडदा आणि अक्षरं. पहिले दोन दिवस मला त्याची धास्ती वाटत होती. मग कळलं की या मशीनला स्क्रीन लागणारच नाही. लॅपटॉपवरून एसएसएच नावाच्या सोयीनं, नेटवर्कमधूनच आत जायचं आणि काम करून बाहेर यायचं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, दोन गोष्टी मात्र आधीच बदलून घ्याव्या लागतात. वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं ही एक, आणि कीबोर्ड सापडला नाही तरी अडून बसू नये ही दुसरी. राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला.

डिस्कवरचं सामान घरात सगळ्यांना दिसावं म्हणून सांबा नावाचा प्रोग्रॅम लावला. लॅपटॉपवरून पहिली मोठी फाइल पाठवली तर वेग सेकंदाला ११ एमबी. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा राउटर, कार्डही गिगाबिट, मग एवढा कमी का? दोन संध्याकाळी मी सांबाच्या सेटिंगमध्ये शोधत घालवल्या. चूक तिथं नव्हतीच. ईथटूल नावाच्या कमांडनं सांगितलं की राउटर आणि सर्व्हर एकमेकांशी १०० एमबीपीएसवरच बोलतायत. त्या वेगाला वायरीतल्या आठ तारांपैकी चारच लागतात, गिगाबिटला आठही. माडीपर्यंत ओढलेल्या वायरीच्या एका टोकाला तपकिरी तार प्लगच्या दातापर्यंत पोचलीच नव्हती. तारा प्लगमध्ये दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा पाना उसना आणला आणि स्वतः नवा प्लग बसवला. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम आता मला पाढ्यासारखा पाठ आहे. वेग ११० वर गेला. सेटिंग चाळण्याआधी वायर बघावी, हे तेव्हापासून मी ठरवून टाकलंय.

फोटोंसाठी इमिच नावाचं, फोटो जमवून दाखवणारं सॉफ्टवेअर निवडलं. ते डॉकरमध्ये चालतं, म्हणजे लागणारं सगळं एका तयार खोक्यात बांधून येतं. एक छोटी मजकुराची फाइल लिहायची आणि एका कमांडनं सगळा संसार उभा राहतो. चार फोनचे आणि जुने मिळून ४१,००० फोटो त्यात गेले. प्रत्येकाची लहान प्रतिमा बनवणं आणि चेहरे ओळखणं यात त्या जुन्या प्रोसेसरचे दोन दिवस गेले, पंखा सारखा घोंगावत होता. तिसऱ्या दिवशी आईच्या फोनवर ॲप टाकून दिलं. तिच्या फोनमधले फोटो आता आपोआप माडीवर जातात. तिला मी एवढंच सांगितलं, "आई, आता काही पुसायचं असलं तरी आधी मला विचार." चेहऱ्यांच्या यादीत एक गठ्ठा असा झाला होता की त्यात आईचे आत्ताचे फोटो आणि आजीचे जुने एकत्र होते. आई तो गठ्ठा बराच वेळ बघत बसली. वेगळा करू का, विचारलं तर म्हणाली, "राहू दे दोन दिवस."

विजेचा विषय घरात निघणारच होता. प्लगमध्ये लावायचा मीटर आणून मोजलं : काही काम नसताना ५१ वॉट. आत एक जुनं ग्राफिक्स कार्ड होतं, त्याची आता गरज नव्हती. ते काढल्यावर आकडा ३८ वर आला. दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला २७. आमचा वापर शंभर युनिटांच्या आसपास असतो आणि त्यापुढच्या युनिटांना दर चढतो, त्यामुळं ही २७ सगळीच महागाची पडतात. म्हणून रात्री बारा ते सकाळी सहा मशीन बंद ठेवते. बंद होताना तेच स्वतःला सहाचा गजर लावून घेतं. महिन्याची २० युनिटं होतात. नवा छोटा बोर्ड घेतला असता तर वीज आणखी वाचली असती, हे खरं. पण त्याचे पैसे वेगळे, आणि हा लोखंडी डबा चालता असताना भंगारात गेला असता. मला हे गणित पटलेलं आहे. वीज जाण्यासाठी ६०० व्हीएचा यूपीएस लावला आणि त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडली. बॅटरी संपत आली की यूपीएस कळवतो आणि मशीन नीट बंद होतं. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा तरी घडतं.

माडीवर पत्र्याचं छत आहे. एप्रिलमध्ये डिस्कचं तापमान ५१ अंशांवर गेलं. खाली आणावं तर पाण्याची भीती, वर ठेवावं तर उन्हाची. शेवटी माडीच्या उत्तरेकडच्या खोलीत, खिडकीजवळच्या मांडणीवर, पुरुषभर उंचीवर जागा केली आणि पुढून हवा ओढणारा एक मोठा पंखा बसवला. आता भर दुपारी ४४ च्या पुढं जात नाही. मागच्या मोकळ्या फटींना डासांची जाळी चिकटवली आहे. पाल आत जाऊन बोर्डवर बसली तर सगळंच संपेल.

आता घराबाहेर असताना या मशीनपर्यंत पोचण्याचं. बहुतेक ठिकाणी सांगतात की राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडा. मी उघडून पाहिलं, काही होईना. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० नं सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला पत्ता मिळाला असेल तर त्याचा अर्थ असा की कंपनीनं एकाच खऱ्या पत्त्यामागं अनेक गिऱ्हाइकं बसवली आहेत आणि बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार सापडणारच नाही. यावर टेलस्केल नावाची सेवा वापरली. आमची चार-पाच यंत्रं त्यात आपसांत एक कुलूपबंद बोळ तयार करतात, आणि इंटरनेटकडं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. पत्ता खरा मिळाला असता तरीही मी हाच रस्ता धरला असता. घराचे फोटो ठेवलेल्या मशीनचं दार रस्त्यावर उघडं ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

आणि दुसरी प्रत. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगाचा जीव त्यातच आहे. ती होईपर्यंत मी फक्त नवी ट्रंक आणली होती, एवढंच. दादा पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडं एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावेल असा छोटा कॉम्प्युटर, आणि त्याला जोडलेली यूएसबी डिस्क ठेवायची आणि रेस्टिक नावाच्या प्रोग्रॅमनं रोज फक्त नवं-बदललेलं तिकडं पाठवायचं, असा बेत केला. पण पहिली संपूर्ण प्रत ९०० जीबीची. आमचा अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे सलग शंभर तास. त्यापेक्षा डिस्क इथंच भरली, टॉवेलात गुंडाळली आणि एसटीनं पुण्याला घेऊन गेले. पूर्ण प्रवासात ती मांडीवरच होती. दादानं ती लावली आणि म्हणाला, "अगं, हे माझ्याकडं बिघडलं तर?"

"तुझ्याकडं बिघडलं तर इथं आहे, इथं बुडालं तर तुझ्याकडं आहे. दोन्हीकडं एकदम काही होऊ नये एवढंच बघायचं."

रेस्टिक सगळं कुलूप लावून ठेवतं. त्याचा पासवर्ड गेला की तो कुणीही परत देऊ शकत नाही. माझा पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कपाटात, पासबुकांच्या पिशवीत ठेवला आहे, आणि एक चिठ्ठी दादाच्या घरी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुण्याहून एक फोल्डर परत मागवून उघडून बघते. दुसऱ्याच महिन्यात कळलं की फोटो येतायत, पण इमिचच्या माहितीचा डेटाबेस प्रतीत जातच नव्हता. चेहऱ्यांना दिलेली नावं, अल्बम, सगळं त्यात असतं. परत मागवून बघितलं नसतं तर ते मला बुडाल्यावर कळलं असतं.

राहिलं नाटुकलीचं. आप्पांनी ते सगळं श्रीलिपीत टाइप केलं होतं. आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. युनिकोडच्या आधीच्या या फाँटमध्ये मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फाँट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर खच. जुन्या विंडोजच्या फाँटच्या फोल्डरात ते फाँट सापडले आणि अक्षरं दिसायला लागली. पण मला ती युनिकोडमध्ये हवी होती, म्हणजे फोनवर वाचता येतील, शोधता येतील. भाच्यानं पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहायची सुरुवात करून दिली, पुढचं मी केलं. दोनशेच्या वर चिन्हांचा तक्ता बनवावा लागला. खरी गोम क्रमाची. 'कि' लिहिताना जुन्या फाँटमध्ये वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, जसं डोळ्यांना दिसतं तसं. युनिकोडमध्ये क आधी. 'कर्म' मधला रफार जुन्यात म नंतर येतो, युनिकोडमध्ये म च्या आधी. एकाच अक्षरावर रफार आणि त्यालाच वेलांटी असं एकत्र आलं, 'मूर्ती', 'आर्थिक', की तक्ता कोलमडायचा. तीन आठवडे रोज संध्याकाळी आप्पा शेजारी बसून छापलेलं वाचायचे, मी दुरुस्त करायची. मध्येच ते थांबायचे आणि या भूमिकेत कोण मुलगा होता, पडद्यामागून कुणी वाक्य सांगितलं होतं, ते सांगायचे. तेही मी लिहून घेतलं, आणि तेही आता पुण्याला जातं.

एकवीस एकांकिका पूर्ण निघाल्या. बाविसावी उघडेना. डिस्कच्या त्या १६ सेक्टरांपैकी काही नेमके तिच्यात होते, तिसऱ्या प्रवेशाच्या मध्यावर. आधीचा आणि नंतरचा मजकूर फाइलीतून ओढून काढला. मधलं अर्धं पान नाही.

आप्पा म्हणाले, आठवेल. चार दिवस ते ओसरीत येरझाऱ्या घालत पुटपुटत होते. मग फोनमध्ये बोलून त्यांनी तो भाग सांगितला, एकेक पात्राच्या आवाजात. मास्तरांचं शेवटचं वाक्य आणि त्यावरचं पोराचं उत्तर तेवढं त्यांना आठवलं नाही. नवीन लिहून देऊ का, मीच विचारलं.

"नको," आप्पा म्हणाले. "ते वेगळं होतं."

फाइलीत तिथं दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. रोज सकाळी सहाला मशीन सुरू झालं की आप्पा चहा घेऊन माडीवर येतात आणि ते पान उघडून बसतात.